कपाळाच्या सुरकुत्या ‘तासाभरात, कायमच्या’ जात नाहीत

लग्नसराई तोंडावर आली की नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘कपाळाच्या सुरकुत्या तासाभरात कायमच्या गायब. टाके नाहीत, धोका नाही, कोणत्याही वयात चालतं.’ हे वाचून लोक ॲडव्हान्स भरून मोकळे होतात, म्हणून लिहितेय.

‘तासाभरात’ आणि ‘कायमच्या’ हे एकत्र जमतच नाही. झटपट होतं ते बोटॉक्सचं इंजेक्शन. ते स्नायू सैल करतं, परिणाम काही दिवसांनी दिसतो आणि साधारण 3 ते 4 महिन्यांत ओसरतो. वर्षानुवर्षं टिकतो तो ब्रो लिफ्ट, म्हणजे भूल देऊन, केसांच्या आत किंवा कडेला छेद घेऊन भुवया वर उचलण्याचं ऑपरेशन. त्यानंतरही वय वाढतच राहतं. सूज आणि काळेनिळे डाग उतरायला 2-3 आठवडे जातात, डोक्याची कातडी काही महिने बधिर राहू शकते. पंधरा दिवसांवर लग्न असेल तर हा विषय काढूच नका.

‘धोका नाही’ हे तर साफ खोटं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, छेदाजवळचे केस गळणं, दोन भुवया खालीवर होणं, हे सगळं होऊ शकतं. भुवई उचलणाऱ्या नसेला इजा झाली तर ती भुवई हलत नाही. बहुतेकदा हे काही काळापुरतं असतं, क्वचित कायमचं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते ‘कोणत्याही वयात’. साठीच्या काकूंच्या कपाळावर आडव्या रेघा दिसतात, पण कित्येकदा मूळ दुखणं पापणीत असतं. पापणी जड होऊन डोळ्यावर येते, मग नीट दिसावं म्हणून कपाळाचा स्नायू दिवसभर भुवया वर ओढून धरतो. आरशासमोर बसा, डोळे मिटून कपाळ सैल सोडा, भुवयांवर बोटं दाबून धरा आणि आता डोळे उघडा. पापणी अर्ध्यावरच अडली, तर कपाळ तुमचे डोळे उघडे ठेवायला राबतंय. अशा कपाळात बोटॉक्स गेलं की भुवया आणखी खाली येतात, डोळ्यांवर ओझं वाटतं. या काकूंनी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला हवं. आणि एकच पापणी अचानक पडली, तर त्याच दिवशी.

सुरकुत्या वाढवणाऱ्या उन्हाबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. आपल्याकडे गाडीवर निघताना स्कार्फ बांधतात ते उत्तमच, पण कपाळ बरेचदा उघडं राहतं. तिथे सनस्क्रीन लावा आणि डोळे बारीक करावे लागू नयेत म्हणून गॉगल घाला.

एवढं समजून घेऊनही करायचंच असेल, तर धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्याच्या पाटीची चमक बघून ठरवू नका. सुरी प्रत्यक्ष कोण धरणार, त्यांच्याकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, भूल कोण देणार, हे विचारा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असायलाच हवा. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळून घ्या, ॲडव्हान्स त्यानंतर.