शब्दांचा वाटा खरोखरच ७ टक्के आहे का?

व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांत, मुलाखतीच्या तयारीच्या वर्गांत आणि समाजमाध्यमांवर एक दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो. म्हणून माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या शरीराकडे लक्ष द्यावे, कारण शरीर कधी खोटे बोलत नाही, असे त्यात सांगितले जाते. नजरेने, स्वराने, मौनाने आपण रोज पुष्कळ काही सांगतो, याबद्दल दुमत नाही. मात्र त्यावरून काढलेला हा हिशेब चुकीचा आहे.

आधी आकडे कुठून आले ते पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांसह केलेले दोन प्रयोग १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात काही मायेचे, काही तटस्थ आणि काही कठोर असे सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून, बोलणाऱ्या व्यक्तीची भावना ओळखण्यास सांगितले होते. दुसऱ्यात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द तीन स्वरांत ऐकवला गेला आणि त्याच्या जोडीला चेहऱ्यावर निरनिराळे भाव असलेली छायाचित्रे दाखवली गेली. शब्द, स्वर आणि चेहरा या तिन्हींचे वजन एकत्र मोजणारा प्रयोग झालाच नाही. दोन स्वतंत्र निष्कर्षांची सांगड घालून ७, ३८ आणि ५५ हे आकडे काढण्यात आले. या प्रयोगांत कोणी संभाषण केले नव्हते, एक पूर्ण वाक्यही उच्चारले नव्हते. संदर्भावाचून उच्चारलेल्या एकेका सुट्या शब्दाचा प्रभाव कमी भरला, तर त्यात नवल कसले?

‘५५ टक्के देहबोली’ हा तर सरळ विपर्यास आहे. ते वजन छायाचित्रातील चेहऱ्याचे होते. हात, उभे राहण्याची ढब, दोघांमधील अंतर यांचा त्या आकड्याशी काही संबंध नाही.

हे प्रमाण सर्व संवादाला लागू पडते, हा पुढचा भाग मला सर्वांत घातक वाटतो. बोलणारी व्यक्ती आपली आवडनिवड किंवा भावना व्यक्त करत नसेल, तर ही समीकरणे लागू होत नाहीत, असे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केले आहे. औषधाची कोणती गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची आणि ताप उतरला नाही तर काय करायचे, हे कितीही बोलक्या चेहऱ्याने सांगता येत नाही, कारण नकार, काळ आणि अट व्यक्त करायला भाषाच लागते. यावर कोणी मूकबधिरांच्या हातवाऱ्यांचे उदाहरण देतो. पण सांकेतिक भाषा ही शब्द आणि व्याकरण असलेली पूर्ण भाषा असते. अमेरिकी सांकेतिक भाषेबाबत विल्यम स्टोको यांनी हे १९६० मध्येच दाखवून दिले होते. तिला देहबोलीच्या खात्यात टाकणे हा त्या भाषकांवर अन्याय आहे.

राहिला ‘शरीर खोटे बोलत नाही’ हा मुद्दा. खरे-खोटे ओळखण्याविषयीच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ मध्ये घेतला, तेव्हा लोकांचे निर्णय सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरलेले दिसले. नाणे उडवून ठरवले असते तरी ५० टक्के बरोबर आले असते. नजर चुकवणारा खोटारडा, हा समज जगभर आढळतो, पण संशोधनातून त्याला आधार मिळत नाही. संकोच, भीती, थकवा किंवा स्वमग्नता (ऑटिझम) यांमुळेही माणूस नजर टाळतो, आणि अशा व्यक्तीला मुलाखतीत किंवा चौकशीत केवळ त्यावरून अप्रामाणिक ठरवले जाते, हे मला असह्य वाटते. २०२३ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना इतर सारी लक्षणे सोडून, सांगितलेल्या हकिकतीत तपशील किती आहे एवढेच पाहण्यास सांगितले, तेव्हा त्यांचे निर्णय योगायोगापेक्षा स्पष्टपणे सरस ठरले. हा तपशील मिळतो तो शब्दांतून, म्हणजे ज्यांना या दाव्याने ७ टक्क्यांत गुंडाळले आहे त्यांच्यातूनच.