बोगल, कमिशन आणि तुमचा आक्षेप

व्हॅनगार्ड ही अमेरिकी म्युच्युअल फंड कंपनी काढणाऱ्या जॉन बोगल यांच्यावरच्या माझ्या परवाच्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "हरलेल्या माणसाला तुम्ही संत केलंत. नोकरी गेली म्हणून त्यांनी स्वस्त फंड काढला. आणि एजंटांचं कमिशन गेलं तर बडोद्यात म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म भरायला येणार कोण?"

पहिला मुद्दा बराचसा खरा आहे. मी तो एका वाक्यात उरकला, ही माझी चूक. 1966 साली तेजीच्या भरात बोगलनी ते चालवत असलेली वेलिंग्टन ही फंड कंपनी बॉस्टनच्या एका फर्मशी जोडली आणि बाजार कोसळल्यावर, जानेवारी 1974 मध्ये, त्याच भागीदारांनी त्यांना काढलं. पुढे व्हॅनगार्ड उभी राहिली तेव्हा तिच्याकडे नुसता हिशेब-कारभार होता, पैसे गुंतवायची मुभा नव्हती. इंडेक्स फंड बाजाराच्या निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेतो, त्यात शेअर निवडायचेच नसतात, तेव्हा हे व्यवस्थापन नव्हे, असं म्हणून त्यांनी वाट काढली. 1976 मध्ये या फंडासाठी 15 कोटी डॉलर जमवायचे होते, आले 1.13 कोटी.

पण फेब्रुवारी 1977 मध्ये त्यांनी विक्रीचं कमिशनच बंद केलं, ब्रोकर दुरावणार हे ठाऊक असूनही. आणि कंपनीची मालकी फंडांकडे, म्हणजे गुंतवणूकदारांकडे ठेवली. नफा तिसऱ्याच्या खिशात जायची सोयच उरली नाही. मला त्यांच्या मनाची नाही, या रचनेची थोरवी सांगायची होती.

आता फॉर्म. दांडिया बाजारातली माझी काकू. काका गेल्यावर बँकेतल्या एकाने तिची मुदत ठेव मोडायला लावून विमा-गुंतवणुकीची पॉलिसी गळ्यात मारली. फॉर्म घरी येऊन भरला. दुसऱ्या वर्षी हप्त्यासाठी ती बांगड्या काढून बसली, तेव्हा आम्हाला कळलं. तो राग अजून गेलेला नाही.

सेवेचे पैसे द्यावेत, पण आकडा समोर ठेवून. 10 लाख रुपये 20 वर्षं 12 टक्क्यांनी वाढले तर साधारण 96 लाख होतात; दरवर्षी एक टक्का कमिशनला गेला तर 11 टक्क्यांनी 81 लाख. एका टक्क्यात पंधरा लाख जातात. चंद्रशेखर भावे सेबी या बाजार-नियामक संस्थेचे अध्यक्ष असताना ऑगस्ट 2009 मध्ये एंट्री लोड, म्हणजे फंडात पैसे घालतानाच कापली जाणारी रक्कम, बंद झाला, तेव्हाही एजंट संपतील अशीच ओरड झाली होती. एजंट आजही आहेत.

तुमच्या म्युच्युअल फंडांचं सहामाही एकत्रित स्टेटमेंट काढा. रेग्युलर, म्हणजे एजंटामार्फत घेतलेली, योजना असेल तर एजंटाला गेलेली रक्कम त्यात रुपयांत छापलेली असते. ती बघून तुम्हाला काय वाटलं, ते मला जरूर कळवा.