पिशाच्चांचं फायर ऑडिट

भर सिनेमात मागच्या रांगेतली एक मुलगी पुढे वाकली आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही दोघं बाहेर जाऊन बोलता का, प्लीज?" यातलं 'काका' मी गिळलं. 'दोघं' मात्र गळ्याखाली उतरायला तयार नाही. बोलत होते ते माझ्या शेजारचे मफलरवाले गृहस्थ. मी नुसती उत्तरं देत होतो, आणि तीही ते गप्प बसावेत म्हणून.

पुण्यातल्या एका भाड्याच्या सभागृहात काही हौशी पोरं जुने भयपट दाखवतात. वर्गणी किरकोळ, खुर्च्या प्लास्टिकच्या. परवाच्या शनिवारी 'डेमन्स' होता. १९८५चा इटालियन सिनेमा, दिग्दर्शक लांबेर्तो बाव्हा, निर्माता दारिओ आर्जेंतो. लॅपटॉपवर मी तो पाहिलेला आहे, पण हा सिनेमा चार अनोळखी माणसांत बसूनच बघायला हवा, कारण त्याची गोष्टच थिएटरात घडते. पश्चिम बर्लिनमध्ये अर्ध्या चेहऱ्यावर धातूचा मुखवटा चढवलेला एक माणूस मेट्रोच्या स्टेशनवर सिनेमाचे फुकट पास वाटतो. एकमेकांशी काही संबंध नसलेली माणसं 'मेट्रोपोल' थिएटरात जमतात. पडद्यावर भुताचा सिनेमा सुरू होतो आणि तिथे जे होतं तेच खाली प्रेक्षकांत व्हायला लागतं. ज्याला ओरबाडलं तो राक्षस, त्याने ओरबाडलं तो पुढचा राक्षस. हिरवा पू, लांबलचक नखं, मध्येच बिली आयडॉलचं गाणं. डोकं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचं आणि मजा करायची, एवढाच माझा बेत होता.

शेजारच्या काकांचा मफलर एसीसाठी होता. एसी बंद होता, पण मफलर सुरूच होता.

"हे पास कुणाच्या सहीनं वाटतोय हा?" पडद्यावर पहिला पास निघताच काकांनी विचारलं.

"माहीत नाही."

"फुकट आहेत?"

"हो."

"मग संपलंच." काका मागे टेकले. "फुकट पासावर आलेल्याला तक्रार करायचा हक्क नसतो. आमच्या सोसायटीत कोजागरीला हेच. दूध फुकट, वर साखर कमी म्हणून बोंब."

काका त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, ही माहिती मी मागितली नव्हती. गेली कित्येक वर्षं आहेत, कारण दुसरं कुणी उभंच राहत नाही, हीसुद्धा मागितली नव्हती.

पडद्यावर एक आंधळा गृहस्थ सिनेमाला आला. सोबतची बाई त्याला पडद्यावर काय चाललंय ते सांगते. आता हे पात्र तिथे का आहे, हे विचारायचं नसतं. काकांनी विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे ती सिनेमाभर त्याच्या कानाशी बोलत बसणार?" काका खरोखरच अस्वस्थ झाले. "मग शेजारच्यांनी सिनेमा कसा बघायचा हो?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

लॉबीत मांडून ठेवलेल्या तसल्याच एका मुखवट्याने एका बाईचा गाल खरचटलेला असतो. ती बाथरूममध्ये जाते, जखम फुटते आणि ती राक्षस होऊन बाहेर येते. इथे सभागृहात छान किंकाळी उठली. काका म्हणाले, "यांची मागणी काय आहे?"

"कुणाची?"

"या भुतांची."

"मागणी काही नाही काका. ते राक्षस आहेत."

"मागणीच नाही, तर बोलणी कशावर करणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. आपल्याकडची भुतं शिस्तीची. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्याशी, ब्रह्मराक्षस तर व्युत्पन्न. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला, हद्द ठरलेली, कशाने शांत होणार तेही ठरलेलं. नारळ, कोंबडा, दहीभात, जे असेल ते दिलं की प्रकरण मिटतं. रामसे बंधूंच्या भुतांचासुद्धा ठाकूरच्या खानदानाशी काही जुना हिशेब असायचा आणि शेवटी त्रिशूळ लागू पडायचा. हे इटालियन राक्षस कुणाचं देणं लागत नाहीत की कुणाकडून घेणं नाही. काकांसारख्या सेक्रेटरी माणसाला हा प्रकार सहन होईना. थकबाकीच नसलेला सभासद त्यांनी आयुष्यात पाहिला नसावा.

मग वाचलेली मंडळी ऑपरेटरची केबिन फोडतात. सिनेमा बंद केला की सगळं थांबेल असा त्यांचा हिशेब. केबिनमध्ये कुणीच नाही, प्रोजेक्टर आपोआप चाललेला. ते तो तोडून टाकतात, तरी राक्षस येतच राहतात.

"अहो, मेन स्विच!" काका खुर्चीत अर्धे उठले. "मीटर रूम खाली असणार! एवढ्या माणसांत एकाला मीटर रूम माहीत नाही?"

अख्खं सभागृह हसलं. मागची मुलगीही हसली. मी हलक्या आवाजात "बसा काका" म्हणालो, तेव्हा तिने मला ते बाहेर जाऊन बोलायचं सुचवलं. हा न्याय मला समजलेला नाही. हल्ली कुठेही हेच. आरडाओरडा करणारा 'कसला गोड आहे' ठरतो, आणि त्याला गप्प करायला जाणारा खडूस. मल्टिप्लेक्समध्ये फोनवर "हां, सिनेमात आहे, बोल" म्हणणाऱ्याला मी एकदा टोकलं, तर त्याच्या बायकोने पॉपकॉर्न खाता खाता "काही लोकांना प्रॉब्लेमच असतो" असं छताकडे बघत सांगितलं. पॉपकॉर्नच्या त्या किमतीत आमच्या घरी आठवड्याची भाजी येते, पण ते जाऊ दे.

एव्हाना पडद्यावरच्या मंडळींना कळलेलं असतं की प्रत्येक दारामागे विटांची भिंत आहे. काका एकदम शांत झाले. मला वाटलं, भ्याले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग ते उठले. प्रोजेक्टरच्या झोतातून आरामात चालत गेले, राक्षसांच्या अंगावर त्यांच्या मफलरची सावली पडली, आणि ते अंधारात सभागृहाच्या मागच्या बाजूला दिसेनासे झाले. तिकडून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. काहीतरी कोसळलं.

पडद्यावर याच वेळी नायक मोटरसायकलवर बसला. हातात सामुराई तलवार. आता तो खुर्च्यांच्या रांगांवरून गाडी घालून राक्षस कापत सुटणार. मी ज्यासाठी गेलो होतो ते हेच.

"दिवे लावा!" मागून आवाज आला.

लावले. आयोजक पोराने सिनेमा थांबवला, तलवार अर्ध्यावर राहिली. काका मागच्या दाराशी उभे होते. दाराला कुलूप होतं. दारासमोर खुर्च्यांची चळत, एक मोडकं पोडियम आणि कुठल्या तरी वर्षीच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर. मखराचा एक खांब काकांच्या हातात आलेला.

"ही तुमची इमर्जन्सी एक्झिट?"

"काका, हॉल आमचा नाही," पोरगं म्हणालं. "आम्ही भाड्याने घेतो."

"मग जळताना काय भाड्याने जळणार?"

किल्ली वॉचमनकडे होती आणि वॉचमन जेवायला गेला होता. लोक उठून दार बघायला गेले. मागची मुलगी तर म्हणाली, "नाही, पण काकांचा पॉइंट व्हॅलिड आहे." मी सुचवलं की आधी सिनेमा संपवू, मग कुलपाचं बघू. त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच बाहेर पास वाटत उभा होतो.

काकांचं बरोबर होतं, हीच तर चीड आहे. दिल्लीच्या उपहार थिएटरला १३ जून १९९७ला आग लागली, ५९ माणसं गेली. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून बाहेर पडायची वाट अडवलेली होती. तिथे विटा लागल्या नाहीत की धातूचे मुखवटे लागले नाहीत, रीतसर तिकीट काढून गेलेली माणसं होती ती. आणि आपल्याकडे अजूनही मागचं दार म्हणजे अडगळीची हक्काची जागा. मंगल कार्यालय घ्या, क्लासेस घ्या, हॉस्पिटलं घ्या. 'आपत्कालीन मार्ग' अशी हिरवी पाटी, तिच्याखाली गाद्या. विचारलं की उत्तर ठरलेलं: किल्ली असते ना, मिळते. हे सगळं मला मान्य आहे. तरीही हा माणूस सिनेमा सुरू व्हायच्या आधी दार बघू शकला असता! दीड तासाचासुद्धा नाही हो तो सिनेमा.

वॉचमन ढेकर देत आला तेव्हा हॉल रिकामा करायची वेळ झाली होती. पुढे त्या थिएटरचं छप्पर फोडून चक्क एक हेलिकॉप्टर आत पडतं, कुठून आलं, कशाला आलं, काही नाही. ते राहिलंच. हेलिकॉप्टर पाहून काकांनी काय विचारलं असतं, हा विचार मी घरी जाईपर्यंत करत होतो, याचाही मला राग आला.

पार्किंगमध्ये काकांनी आयोजकाला गाठलं. "पुढच्या शनिवारी काय?"

"याचाच दुसरा भाग," पोरगं पडेल आवाजात म्हणालं. "१९८६चा. एका उंच बिल्डिंगमध्ये टीव्हीतून राक्षस बाहेर येतात, आणि सगळे रहिवासी आत अडकतात."

"रहिवासी? म्हणजे सोसायटी?"

"तसंच काहीतरी."

"सेक्रेटरी दाखवलाय?"

"नाही काका."

"वाटलंच," काका म्हणाले, आणि पुढच्या वर्गणीची पावती त्यांनी तिथेच फाडायला लावली.