“वर्णद्वेष नाही, ड्रग्जमुळे लोक चिडतात” म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

एक मेसेज परत फिरायला लागलाय, तुमच्याही ग्रुपवर आला असेलच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: भारतात वर्णद्वेष कधी नव्हता आणि नाही, आफ्रिकन लोकांना मार बसतो किंवा घर मिळत नाही ते त्यांच्या ड्रग्जच्या धंद्यामुळे, बहुतेकांकडे कागदपत्रं नसतात, आणि परदेशी माणसाला इथे हक्क मागायचा अधिकारच नाही, पटत नसेल तर परत जावं. खाली हजारो अंगठे. मला हे वाचून खरंच त्रास होतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

आधी ड्रग्ज. काही आफ्रिकन नागरिक ड्रग्जच्या केसमध्ये पकडले जातात हे खरंय, त्यांच्यावर एनडीपीएसखाली, म्हणजे ड्रग्जविरोधी कायद्याखाली, खटला चालवा, शिक्षा होऊ दे, कोणी अडवलंय? पण मार नक्की कोणाला बसला ते बघा ना. ३१ जानेवारी २०१६, बंगळुरू. एका सुदानी माणसाच्या गाडीखाली एक बाई गेली. त्यानंतर अर्ध्या तासाने टांझानियाची एक विद्यार्थिनी मित्रांसोबत गाडीने तिथून जात होती, तिचा त्या अपघाताशी काडीचा संबंध नाही, देशसुद्धा वेगळा, तरी जमावाने तिला गाडीतून ओढून मारलं, कपडे फाडले, गाडी जाळली. यात ड्रग्ज कुठे आले? मार्च २०१७, ग्रेटर नोएडा. बारावीतला एक मुलगा बेपत्ता झाला, तर शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला खाल्लं अशी अफवा उठली, हो, खाल्लं, आणि लोक त्यांच्या घरात शिरून शोधाशोध करायला लागले. मुलगा नंतर परत आला आणि मग वारला, ओव्हरडोसचा संशय होता. पोलिसांनी त्या विद्यार्थ्यांना पकडलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. दोन दिवसांनी एका मॉलमध्ये भलत्याच एका नायजेरियन मुलाला खाली पाडून स्टीलच्या खुर्च्या आणि कचऱ्याचा डबा हाणतानाचा व्हिडिओ सगळ्या देशाने बघितला. आजूबाजूला माणसं उभी आहेत, एकजण मध्ये पडत नाही.

दिल्लीतलं खिडकी एक्स्टेंशन तर आठवत असेल. जानेवारी २०१४ मध्ये तेव्हाचे दिल्लीचे कायदामंत्री रात्री माणसं घेऊन पोचले, युगांडाच्या बायकांना अडवलं, मग त्यांना हॉस्पिटलात नेऊन लघवीचे नमुने घ्यायला लावले. ड्रग्जचा काही अंश सापडला नाही. म्हणजे फॉरवर्ड जे म्हणतो त्याच्या बरोब्बर उलटं होतंय, गुन्हा बघून संशय येत नाही, कातडी बघून येतो आणि गुन्हा मागाहून चिकटवला जातो.

हे पटत नसेल तर आपल्याच देशातल्या, मूळ आफ्रिकन वंशाच्या सिद्दी लोकांकडे बघा. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळ, अंकोला भागात राहतात, कित्येक घरांत कोकणी बोलतात, कर्नाटकात २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत, गुजरातमध्ये गीरजवळच्या जांबूरला आहेत. भारतीय नागरिक, शेकडो वर्षांपासूनचे. तरी गावाबाहेर पडलं की “कुठल्या देशातून आलात” हा प्रश्न त्यांच्या मागे लागतोच, हे सिद्दी तरुण वारंवार सांगत आलेत. त्यांनी कोणता धंदा केला होता?

“आपल्याकडे कधी नव्हता” हा भाग तर इतिहास न वाचता लिहिलाय. दख्खनच्या सुलतानांनी हबशी गुलाम विकत घेतले, पोर्तुगीजांनी मोझांबिकमधून माणसं गोव्यात आणून विकली. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर स्वतः लहानपणी इथिओपियातून विकला गेला होता, आणि त्याने वसवलेल्या खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, त्याच्याच नहरीने पाणी पाजलं. नाशिककरांनो, तुमच्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मिशनच्या शाळेत शिकायची, त्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव घेऊन लंडनला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्ययात्रेत खांदा दिला. ही माणसं आपल्याकडे काल-परवा आलेली नाहीत.

कागदपत्रांचं म्हणाल तर, परदेशी भाडेकरू आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला देणारा फॉर्म (आधीचा सी-फॉर्म) ऑनलाइन भरायचा असतो आणि तो घरमालकाने भरायचा असतो. कित्येक मालकांना हे झंझट नको असतं, मग एक तर सरळ नाही म्हणतात किंवा ॲग्रीमेंट न करता जास्त भाड्याने देतात, आणि नंतर “यांच्याकडे पेपर नसतात” म्हणून तेच बोंब मारतात. मी एका सुदानी विद्यार्थ्यासाठी ब्रोकरला फोन केला होता, व्हिसा, कॉलेजचं लेटर, सगळं तयार आहे सांगितलं, त्याने फक्त देश विचारला आणि म्हणाला, “मॅडम, सोसायटी ऐकणार नाही.” पेपर बघायला मागितलेच नाहीत. आणि व्हिसा खरंच संपला असेल तर परत पाठवायची कायदेशीर पद्धत आहे, त्यात जमावाला काही काम नाही.

आता हक्क. संविधानाचं कलम १५ आणि १९ नागरिकांसाठी आहे हे बरोबर, पण कलम १४, कायद्यापुढे समानता, आणि कलम २१, जीवित आणि स्वातंत्र्य, ही भारतात असलेल्या प्रत्येक माणसाला लागू आहेत. सुप्रीम कोर्टाने २००० साली हावडा स्टेशनवर बलात्कार झालेल्या बांगलादेशी बाईच्या केसमध्ये हेच सांगितलं आणि रेल्वेला दहा लाख भरपाई द्यायला लावली. वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावरही भारताने १९६८ मध्येच शिक्कामोर्तब केलंय, त्यामुळे २०१७ च्या हल्ल्यांनंतर आफ्रिकन देशांच्या राजदूतांनी मिळून याला वर्णद्वेष म्हटलं आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेकडून चौकशी मागितली, तेव्हा ते काही उपकार मागत नव्हते.

भारतीय न्याय संहितेत आता पाच किंवा जास्त जणांनी वंशावरून खून केला तर कलम १०३(२) आहे, गंभीर इजा केली तर ११७(४). चांगलंच आहे, पण ही कलमं रक्त सांडल्यावर कामाला येतात. नालासोपाऱ्यात किंवा खारघरमध्ये घर नाकारलं, रिक्षावाल्याने बसवलं नाही, सोसायटीने “आफ्रिकन चालणार नाहीत” असा ठराव केला, तर धरायला स्वतंत्र कायदाच नाही. तो हवाय, आणि तो येईपर्यंत निदान आपापल्या सोसायटीतले असले ठराव मीटिंगमध्ये उभं राहून रद्द करून घ्या, मिनिट्समध्ये नोंद करायला लावा.