खुलासा: ‘लोबच्या काळात रॅलीत चुरसच नव्हती’ हे खरं नाही

मुंबईतल्या मोटार रॅलीप्रेमींच्या (म्हणजे गाड्यांच्या शर्यतींच्या चाहत्यांच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: फ्रेंच रॅलीचालक सेबास्तियन लोबने २००४ ते २०१२ सलग नऊ जगज्जेतेपदं जिंकली, म्हणजे त्या काळात चुरसच नव्हती. विजेतेपदं खरी, निष्कर्ष चुकीचा. २००६मध्ये हात मोडल्याने लोब शेवटच्या चार रॅलींना मुकला. अखेर प्रतिस्पर्धी चालक मार्कस ग्रोनहोमपेक्षा फक्त एका गुणाने पुढे राहिला, ११२ विरुद्ध १११. २००९मध्ये मिक्को हिर्वोनेनही लोबकडून एकाच गुणाने हरला, आणि तो निकाल शेवटच्या रॅलीत लागला! याहून अटीतटीची लढत कोणती हवी?

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. २००८च्या अखेरीस सुबारू आणि सुझुकी या कार कंपन्या स्पर्धेतून बाहेर पडल्या, आणि जिंकण्याच्या तोडीच्या गाड्या सिट्रोएन आणि फोर्डच्याच उरल्या. मेसेज पुढे पाठवताना हेही लिहा, ही कळकळीची विनंती.