गॅपमध्ये काय केलंत?

‘मराठ्यांचा इतिहास : प्रमाणपत्र अभ्यासक्रम. वयाची अट नाही. सर्वांसाठी खुला.’ वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी, सकाळी साडेअकरा ते दीड. नोकरदार माणूस त्या वेळेला कुठे असतो, हे ‘सर्वांसाठी’ लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. संध्याकाळी का नाही, असं विचारलं तर म्हणे संध्याकाळी हॉलला कुलूप लावायला शिपाई नसतो. म्हणजे शिवाजी महाराजांपासून पेशवाईपर्यंतचा सगळा इतिहास त्या शिपायाच्या ड्युटीवर बेतलेला. मी बँकेतून व्हीआरएस घेतलेली, म्हणून ‘सर्वां’त बसले.

खिडकीवरच्या बाईंनी आधी माझ्या मागे कुणी मुलगी उभी आहे का ते पाहिलं. ॲडमिशन माझीच आहे हे कळल्यावर माझी १९८९ची बी.कॉम.ची मार्कशीट उलटसुलट करून म्हणाल्या, “गॅप सर्टिफिकेट?”

“म्हणजे?”

“एकोणनव्वदनंतर काय केलंत?”

हा प्रश्न आमच्या घरात आजवर कुणी विचारलेला नाही, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. नोकरी, दोन मुली, सासूबाईंचं अंथरुणावरचं आजारपण... मी सांगत गेले. मला बरंही वाटू लागलं होतं. बाई म्हणाल्या, “ते नको. या काळात दुसरीकडे कुठं ॲडमिशन घेतली नाही, एवढंच स्टॅम्पपेपरवर लिहून आणा.”

“शंभरचा नका आणू हं,” मागून आवाज आला. “२०२४च्या ऑक्टोबरपासून पाचशेचा झालाय.”

रांगेत माझ्या मागे सफारीतले एक काका. छातीशी प्लॅस्टिकची फोल्डर, आतला प्रत्येक कागद लॅमिनेट केलेला.

“गॅप दोन प्रकारचा असतो, ताई. सलग आणि तुटक. तुमचा सलग. सोपा आहे. माझा तुटक, मध्ये होमिओपॅथीचा पत्राचारी कोर्स अर्धवट सोडलाय. दाखवावा लागतो. लपवला की संपलं.” त्यांनी आवाज खाली आणला. “आणि ‘सदर कालावधीत मी कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हते’ हे वाक्य घालाच.”

“पण ते मागितलंय कुणी?”

“मागायच्या आधी द्यायचं.”

काकांचं मोडी झालं, मूर्तिशास्त्र झालं, नाणकशास्त्र झालं, आता हे. इतिहासाची फार आवड दिसते, म्हटलं. “छे हो. दुपारी घरी बसून करायचं काय? इथे पंखा आहे.”

फॉर्मच्या शेवटच्या पानावर रॅगिंग न करण्याचं हमीपत्र होतं. यूजीसीचा २००९चा नियम. विद्यार्थ्याची सही आणि खाली पालकाची. मी हसले. बाई हसल्या नाहीत.

“अहो, माझी आई चौऱ्याऐंशीची आहे.”

“भाग्यवान आहात,” काका म्हणाले. “मी मुलाची सही नेली. तो म्हणतो, बाबा, तुम्ही कुणाला त्रास देणार नाही याची हमी मी कशी घेऊ? दोन दिवस अडवलंन मला.”

“आई कशाला?” बाई म्हणाल्या. “मिस्टरांची चालेल.”

इथे माझं हसू संपलं. आयुष्यभर मी लोकांच्या कर्जांवर सह्या केल्या, जामीनदार खरा की खोटा हे चेहऱ्यावरून ओळखलं. आता मी विशीतल्या पोरांना छळणार नाही याचा जामीन कोण, तर ज्यांना स्वतःचं पॅनकार्ड कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे मला विचारावं लागतं ते.

“काका, तुम्हाला मिसेसची सही नसती का चालली?”

काकांनी खरोखर विचार केला. “सुचलंच नाही. आणि यांनीही सुचवलं नाही.”

शेवटी आईने सही केली. चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, “आणि त्यांनी तुला छळलं तर?” त्याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव वाड्यांमधली दप्तरं धुंडाळत हिंडले, वाईला सापडलेल्या कागदांतून १८९८ साली त्यांचा पहिला खंड निघाला. माळ्यावर चढण्याआधी त्यांना कुणी पालकाची सही मागितली असती तर मराठ्यांचा इतिहास अजून माळ्यावरच असता. अर्थात त्या खिडकीला राजवाडेही ‘इतर’ या रकान्यातच गेले असते.

वर्ग मात्र चांगला निघाला. सरांनी सुरुवातच इनाम कमिशनपासून केली. १८५२च्या कायद्यानंतर इंग्रजांनी इनामदारांकडे सनदा मागितल्या, पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद काढून दावे ताडून पाहिले. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याला कागद दाखवता आला नाही, की इनाम खालसा. कुणाची सनद गहाळ, कुणाची वाळवीने खाल्लेली.

शेजारच्या खुर्चीवरून काका माझ्याकडे झुकले.

“लॅमिनेट करायला हवी होती.”