'अर्थिंग कशाला, एमसीबी आहे ना' हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

एक मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय की फॉल्टचा करंट जमिनीत जिरतो आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडतेच, करंट नेहमी कमी रेझिस्टन्सच्या वाटेने जातो म्हणून माणसाला काही होत नाही, अर्थिंग नसेल तर सॉकेटमध्येच न्यूट्रलचा लूप अर्थच्या पिनला द्या, आणि असेल तर फेज-अर्थमध्ये 100 चा बल्ब लावून बघा, पेटला की पास. यातलं एकही वाक्य धड नाही, आणि लोक वाचून खरंच तसं करतायत म्हणून जीव खालीवर होतो.

पहिलं म्हणजे करंट जमिनीत जिरत बिरत नाही. तो डीपीतून, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून निघतो आणि डीपीच्याच न्यूट्रलला परत जातो. गिझरचं एलिमेंट फुटून फेज बॉडीला लागली तर वाट कशी आहे बघा, फेजची वायर, बॉडी, अर्थची हिरवी वायर, आपला अर्थिंगचा खड्डा, मधली माती, डीपीचा खड्डा आणि तिथून न्यूट्रल. आपल्या खड्ड्याचा रेझिस्टन्स 10 ओहम आणि डीपीच्या खड्ड्याचा 5 धरला तर 230 भागिले 15, म्हणजे साधारण 15 अँपिअर. सी कर्व्ह प्रकारच्या 16 अँपिअरच्या एमसीबीला झटक्यात पडायला 80 ते 160 लागतात, 15 वर ती हलणार पण नाही. गिझर तापत असेल आणि त्याचे स्वतःचे 8-9 अँपिअर त्यात मिळाले तरी पडायला कित्येक मिनिटं जातील, आणि तेवढा वेळ बॉडीवर 150 व्होल्ट उभे!

आता त्या बॉडीला ओल्या हाताने कुणी धरलं. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स 1000 ओहम धरा. करंट सगळ्याच वाटांनी वाटून जातो, कमी रेझिस्टन्समधून जास्त आणि जास्त रेझिस्टन्समधून कमी, एवढंच. अर्थमधून 15 अँपिअर गेले तरी अंगातून 150 मिलीअँपिअर जातात. 99 टक्के करंट अर्थने नेला आणि उरलेला एक टक्का जीव घ्यायला पुरेसा आहे.

न्यूट्रलच्या लूपचा सल्ला सगळ्यात घातक. तो पटतो कारण फेज बॉडीला लागली की वायरीवायरीतून थेट शॉर्ट होतो आणि एमसीबी खरंच लगेच पडते. पण पोलवर किंवा मीटरपाशी न्यूट्रलचा जॉइंट सुटला की काय होतं? घरातला एखादा पंखा चालू असतो, त्याच्यातून फेज न्यूट्रलच्या वायरवर येते, लूपमधून फ्रिजच्या पत्र्यावर येते, आणि फ्रिजमध्ये काहीही बिघाड नसताना पत्रा 230 व्होल्टवर. परतीची वाटच तुटलेली म्हणून करंट नाही, करंट नाही म्हणून एमसीबी पडत नाही, आणि दार उघडायला हात लावणारा माणूस ती वाट पूर्ण करतो. लाईनचं काम झाल्यावर फेज-न्यूट्रल उलटे लागले तर न्यूट्रल तुटायचीपण गरज नाही. डीपीवर न्यूट्रल आणि अर्थ एकत्र असतात हे बरोबर आहे, पण ती जोडणी सप्लायच्या बाजूला असते, सॉकेटमध्ये करायची गोष्ट नाही ती.

बल्बचं म्हणाल तर 100 चा बल्ब घेतो अर्धा अँपिअरसुद्धा नाही. खड्डा 25 ओहमचा असला तरी 10-12 व्होल्ट पडतात, बल्ब तसाच लख्ख दिसतो, आणि त्याच खड्ड्यातून फॉल्टला जेमतेम 8 अँपिअर मिळतात.

मग करायचं काय? 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा. ती फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सतत ताडून बघते, फरक 30 च्या आत असतानाच पडते, त्यामुळे खड्डा 10 ओहमचा असो की 50 चा, तिला पुरतो. पण खड्डा हवाच, कारण अर्थ असेल तर बॉडीला फेज लागताक्षणी ती पडते, नसेल तर कुणाला शॉक बसल्यावर. आणि तिच्या टेस्ट बटणाने फक्त तीच तपासली जाते, अर्थिंग नाही. अर्थिंगसाठी वायरमनला अर्थ टेस्टर घेऊनच बोलवा आणि रीडिंग मे महिन्यात घ्या, पावसाळ्यात माती ओली असते तेव्हा आकडा छानच येतो.